बोट मिळते, तिचा रोजचा खर्च कोण देणार?

प्रश्न विचारणाऱ्या बाई इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहतात. गावातल्या लाइफबोट स्टेशननं त्यांना विश्वस्त व्हायला बोलावलंय. हे स्टेशन आरएनएलआयचं, म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनचं नाही. गावकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेलं ते स्वतंत्र स्टेशन आहे. बोट जुनी झाली आहे आणि नवी घ्यायची आहे. बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. बुडणाऱ्याला वाचवण्यासारखं काम सरकारनं वर्गणीवर का सोडलं? हे असं कधीपासून चाललंय? आणि नव्या बोटीसाठी सरकारकडे हात पसरावा की नाही?

मी अशाच एका स्वतंत्र स्टेशनचा खजिनदार म्हणून बरीच वर्षं काम पाहतो. बोटीवर जाणाऱ्यांतला मी नव्हे. पेजर वाजला की अर्धवट जेवण सोडून धावणारी मंडळी वेगळी. ती परत आली की किती इंधन जळलं आणि कुणाचा ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा पोशाख, फाटला, हे वहीत मांडायचं काम माझं. त्यामुळे माझं उत्तर हिशेबाच्या बाजूनं येईल.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. सरकारी पैसा जरूर मागा, त्यात कमीपणा काही नाही. पण अर्ज भरायला बसण्याआधी त्या नव्या बोटीचा पुढच्या दहा वर्षांचा खर्च एका कागदावर मांडा. या क्षेत्रात सरकारी पैसा नाही, हा समज चुकीचा आहे. पैसा आहे, पण तो बोटीच्या किंवा करसवलतीच्या रूपानं येतो. इंधन, विमा, दुरुस्ती आणि प्रशिक्षण या चालू खर्चासाठी तो जवळजवळ कधीच येत नाही. मोठ्या देणगीदारांचंही तेच. स्वतंत्र स्टेशनं अडचणीत येतात ती बोट नसल्यामुळे क्वचितच. बोट दारात उभी असते आणि तिला समुद्रात न्यायला लागणारा पैसा खात्यात नसतो.

आता हे असं कसं झालं ते पाहू.

सरकारनं किंवा सार्वजनिक संस्थांनी हे काम कधी केलंच नाही, असं नाही. ब्रिटनमधलं पहिलं लाइफबोट स्टेशन लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्मबी इथं १७७६ च्या सुमारास सुरू झालं, तेच मुळी लिव्हरपूलच्या गोदी विश्वस्तांनी उभं केलं होतं. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून जो आकार वसूल व्हायचा, त्यातून या बोटींचा खर्च निघायचा. खलाशांना वेतनही मिळायचं. लिव्हरपूलच्या आसपासच्या किनाऱ्यावर अशी बरीच स्टेशनं होती, आणि ती १८९४ मध्ये आरएनएलआयकडे जाईपर्यंत चालली. शतकाहून अधिक काळ चाललेली व्यवस्था होती ही. तरी लाइफबोटीचा इतिहास सांगताना तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, कारण वर्गणीची गोष्ट ऐकायला जास्त रंगतदार वाटते.

लिव्हरपूलबाहेर मात्र सगळा कारभार स्थानिक होता. १७८९ मध्ये टाइन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ नावाचं जहाज किनाऱ्यावरच्या हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत फुटलं, आणि कुणाला काही करता आलं नाही. त्यानंतर साउथ शील्ड्समधल्या मंडळींनी बक्षीस लावून बोटीचा आराखडा मागवला, आणि १७९० मध्ये हेन्री ग्रेटहेडनं ‘ओरिजिनल’ बांधली. संसदेनं १८०२ मध्ये ग्रेटहेडला १,२०० पौंड बक्षीस दिलं. बोट बांधणाऱ्याला सरकारकडून पैसा मिळाला, ती चालवणाऱ्यांना नाही. ही पद्धत इतकी जुनी आहे.

सर विल्यम हिलरी हे आयल ऑफ मॅनमधल्या डग्लसला राहणारे. समोरच्या उपसागरात जहाजं फुटताना त्यांनी पाहिली होती, आणि स्वतः बोटीत उतरून माणसं बाहेर काढली होती. १८२३ मध्ये त्यांनी राष्ट्राला उद्देशून आवाहनाची पुस्तिका काढली. नौदल खात्यानं दाद दिली नाही. मग लंडनमधले खासदार आणि व्यापारी गाठले, आणि ४ मार्च १८२४ ला लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये सभा होऊन, पुढे आरएनएलआय झालेली संस्था स्थापन झाली. राजाश्रय मिळाला आणि पहिल्या वर्षी जवळपास १०,००० पौंड जमले. पुढे उत्साह ओसरला. १८४० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाचं उत्पन्न ३५४ पौंडांवर आलं होतं. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचा पहिला धडा हाच. पहिल्या वर्षीच्या आकड्यावर कुणी अंदाजपत्रक बांधू नये.

डिसेंबर १८४९ मध्ये साउथ शील्ड्सची लाइफबोट ‘प्रॉव्हिडन्स’ उलटली, आणि तिच्यावरच्या २४ पायलटांपैकी, म्हणजे जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्यांपैकी, २० बुडाले. मग ड्यूक ऑफ नॉर्थंबरलँडनं उलटली तरी आपोआप सरळ होणाऱ्या बोटीसाठी १०० गिनींचं बक्षीस ठेवलं. ते १८५१ मध्ये ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंगला मिळालं. १८५४ मध्ये संस्थेचं नाव बदलून आजचं झालं, कॅप्टन वॉर्डचं बुचाचं लाइफजॅकेट आलं, आणि सरकारी अनुदान सुरू झालं ते वर्षाला २,००० पौंडांचं.

या अनुदानावर थोडं थांबतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. पंधरा वर्षं संस्थेनं ते घेतलं आणि १८६९ मध्ये स्वतःहून सोडलं. सोडलं याला कारणं होती. सरकारी पैसा आला की त्याबरोबर व्यापारखात्याची देखरेख आली. आणि त्याहून मोठी अडचण अशी की, सरकार देतंय म्हटल्यावर लोकांचा हात आखडतो. संस्थेच्या धुरिणांचा हिशेब साधा होता. २,००० पौंड घेण्यासाठी त्याहून मोठी लोकवर्गणी पणाला लावण्यात शहाणपण नाही. तेव्हापासून ‘सरकारी पैशाशिवाय’ ही आरएनएलआयची ओळखच झाली. सरकारनं हे काम लोकांवर ढकललं, असं आपण म्हणतो. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं की लोकांनीही ते हातातून सोडलं नाही. १८९७ मध्ये संसदीय समितीनं संस्थेच्या कारभाराची चौकशी केली, तीतूनही संस्था सहीसलामत बाहेर पडली आणि स्वयंसेवीच राहिली.

अमेरिकेत नेमकी उलट वाट धरली गेली. तिथली कहाणी मी प्रत्येक नव्या विश्वस्ताला सांगतो. १८४८ मध्ये न्यू जर्सीचे काँग्रेस सदस्य विल्यम न्यूएल यांनी किनाऱ्यावर बचाव ठाणी उभारण्यासाठी १०,००० डॉलर मंजूर करून घेतले. लाकडी घरं बांधली गेली आणि त्यांत बोटी, दोर, दोर फेकायची साधनं भरून ठेवली. बोट चालवायची कुणी? गावातल्या स्वयंसेवकांनी. घरांची देखभाल कुणी करायची? यासाठी दमडीही नव्हती. काही वर्षांतच बोटी कुजल्या आणि सामान चोरीला गेलं. एप्रिल १८५४ मध्ये ‘पॉवहॅटन’ जहाज न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर फुटलं आणि शेकडो स्थलांतरित बुडाले. १८७१ मध्ये समनर किमबॉल यांच्याकडे सूत्रं आली, दोन लाख डॉलर मंजूर झाले, पगारी खलाशी नेमले गेले. तेव्हा कुठं त्या ठाण्यांत जीव आला. हीच सेवा १९१५ मध्ये कोस्ट गार्डमध्ये विलीन झाली.

१८४८ चं न्यू जर्सी आणि आजचं एखादं अनुदानावर घेतलेल्या बोटीचं स्टेशन यांत मला फार फरक दिसत नाही. बोट आहे, घर आहे, आणि ‘बाकी गाव बघेल’ हा भरवसा आहे.

ब्रिटनमध्ये गावानं आणि पुढे शहरांनीही ते खरोखर बघितलं, पण त्यासाठी मोठा धक्का बसावा लागला. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री ‘मेक्सिको’ नावाच्या जर्मन जहाजाच्या मदतीला लँकशरच्या किनाऱ्यावरून तीन लाइफबोटी गेल्या. साउथपोर्टच्या बोटीवरचे १४ आणि सेंट ॲन्सच्या बोटीवरचे सगळेच्या सगळे १३ असे २७ जण गेले. सेंट ॲन्समध्ये राहणारे गिरणीमालक चार्ल्स मकारा यांनी संस्थेचे हिशेब पाहिले, तेव्हा उत्पन्नातला दोनतृतीयांश वाटा सुमारे शंभर श्रीमंतांच्या खिशातून येतो असं दिसलं. त्यांनी १० ऑक्टोबर १८९१ ला मँचेस्टरमध्ये लाइफबोटी गाड्यांवर चढवून बँडसह रस्त्यांतून फिरवल्या आणि लोकांपुढे डबे धरले. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांपर्यंत पोचावेत म्हणून लांब काठ्यांना पिशव्या बांधल्या होत्या. एका दिवसात ५,००० पौंडांहून अधिक जमले. रस्त्यावर डबा फिरवून दान गोळा करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये इथून सुरू झाली असं मानतात. समुद्र न पाहिलेल्या गिरणी कामगारांनी दिलेली ती नाणी होती. मला मकारांचं कौतुक वाटतं ते याचं, की शंभरांवर टांगलेली संस्था त्यांनी हजारोंवर नेऊन ठेवली.

आता स्वतंत्र स्टेशनांकडे वळतो. यात सगळ्यांत बोलकं उदाहरण नॉर्फोकमधल्या केस्टरचं. समोर वाळूचे दांडे, त्यामुळे जहाजं अडकणं नित्याचं. किनाऱ्यावरच्या मंडळींच्या कंपन्या होत्या. अडकलेलं जहाज सोडवायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हा त्यांचा धंदा. या किनाऱ्यावर धंदा आणि धर्म एकाच बोटीतून चालायचे. तिथं १८४५ पासून लाइफबोट आहे. नंतर ते स्टेशन आरएनएलआयकडे गेलं. नोव्हेंबर १९०१ मध्ये ‘बीचम’ ही बोट वादळात किनाऱ्यावर आपटून उलटली आणि नऊ जण गेले. जेम्स हेलेट हे माजी साहाय्यक कॉक्सवेन, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचे मदतनीस, वय ७८. त्यांनी लाटांत शिरून उलटलेल्या बोटीखालून माणसं ओढून काढली. त्यांच्या घरचेही त्यात गेले होते. ‘केस्टरचे लोक माघारी फिरत नाहीत’ हे वाक्य तेव्हापासून त्या गावाला चिकटलं. तिथल्या एका पबचं नावही त्यावरून आहे.

१९६९ मध्ये आरएनएलआयनं केस्टर स्टेशन बंद केलं. शेजारच्या ग्रेट यार्मथ-गोर्लस्टनला वेगवान बोट आली होती, त्यामुळे कागदावर निर्णय चुकीचा नव्हता. गावाला तो पटला नाही. त्यांनी स्वतःची बचावसेवा काढली आणि १९७३ मध्ये आरएनएलआयच्या सेवेतून निवृत्त झालेली एक जुनी बोट विकत घेतली. पुढे नॉर्फोकचे टर्की व्यावसायिक बर्नार्ड मॅथ्यूज यांच्या मदतीनं नवी बोट आली, आणि तिला त्यांचंच नाव दिलं. सध्याची बोटही त्याच नावाची, दुसरी.

यात गैर काही नाही. मोठा देणगीदार मिळणं हे भाग्यच. पण बोटीवर नाव रंगवता येतं, विम्याच्या हप्त्यावर येत नाही. देणगीदार असो की मंत्री, फीत कापायला बोट लागते. त्यामुळे तुमच्या स्टेशनलाही बोटीसाठी पैसा मिळेल, असं मी बऱ्यापैकी खात्रीनं सांगू शकतो. घोडं अडतं ते त्यापुढे.

त्यापुढे काय असतं, ते एका साध्या वस्तूवरून दाखवतो. ट्रॉलीची चाकं. लहान बोट स्लिपवेवरून, म्हणजे पाण्यात जाणाऱ्या उतारावरून, उतरवताना ट्रॉली प्रत्येक वेळी खाऱ्या पाण्यात जाते. बेअरिंगमध्ये पाणी शिरतं, ग्रीस धुपतं, गंज चढतो. दरवेळी गोड्या पाण्यानं धुवायचं, ग्रीस भरायचं, आणि तरीही ठरावीक काळानं बेअरिंग बदलायचं. रात्री दोनला चाक जाम झालं तर लाखांची बोट शेडमध्येच राहते. बेअरिंगची किंमत फार नाही, पण त्यासाठी अनुदान देणारी योजना मी अजून पाहिलेली नाही. लाइफजॅकेटचंही तसंच. त्यातली वायूची छोटी टाकी आणि ते आपोआप फुगवणारा भाग यांना मुदत असते. मुदत संपली की वापरलेलं नसलं तरी फेकून नवं घ्यायचं. ड्रायसूटच्या गळ्याची आणि मनगटाची रबरी पट्टी फाटते. आउटबोर्ड इंजिनाची सर्व्हिसिंग तासांवर ठरते. बोटीवर दहा माणसं असतील तर लाइफजॅकेट आणि ड्रायसूटचा खर्च दहानं गुणायचा. शिवाय पेजर, रेडिओ, प्रशिक्षण आणि शेडच्या छपराची गळती आहेच.

बोट मोठी घेतली की हे सगळं वाढतं. जास्त इंजिनं, जास्त इंधन, उतरवायला मोठा ट्रॅक्टर, त्याला चालक, आणि बोट चालवायला जास्त प्रशिक्षित हात. अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठी बोट घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात काम असेल तर आरएनएलआयनं १९६३ मध्ये आणलेल्या डी वर्गाच्या छोट्या फुगवता येणाऱ्या बोटीनं किती काम केलंय, ते पाहा.

आता सरकारी पैसा कुठं आहे ते सांगतो. काही जागी तो आपल्याला दिसतच नाही.

पहिली गोष्ट, बचावकार्याचं नियंत्रण सरकारच करतं. १९७९ च्या सागरी शोध आणि बचाव करारानं ती जबाबदारी देशावर टाकली आहे, पण प्रत्येक बोट सरकारच्या मालकीची असावी असं तो म्हणत नाही. ब्रिटनमध्ये हाक येते कोस्टगार्डकडे, आणि कोस्टगार्ड स्टेशनला बोट उतरवायची विनंती करतं. हेलिकॉप्टरं सरकारी कंत्राटावर उडतात. म्हणजे एकाच बुडणाऱ्या माणसाभोवती वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर कराच्या पैशाचं आणि खाली लाटांतली बोट वर्गणीची. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. कामाच्या वेळी मात्र कुणाला फरक जाणवत नाही.

दुसरी गोष्ट व्हॅटची. समुद्रावर बचाव करणाऱ्या धर्मादाय संस्थेला लाइफबोट, ती उतरवायची गाडी व ट्रॅक्टर, स्लिपवेचं बांधकाम, बोटीची दुरुस्ती आणि इंधन यांवर शून्य दर लागू होतो. बोट दोन लाख पौंडांची असेल तर २० टक्क्यांनी ४०,००० पौंड वाचले. हे सरकारी अनुदानच आहे, फक्त त्याला अनुदान म्हणत नाहीत. मात्र ते आपोआप मिळत नाही, विक्रेत्याला लेखी प्रमाणपत्र द्यावं लागतं. बोटबांधणी कारखान्याला हा नियम माहीत असतो, गावातल्या गॅरेजवाल्याला नसतो. जुन्या बिलांवर उगाच भरलेला व्हॅट शोधण्यात नव्या विश्वस्तानं एखादी संध्याकाळ घालवली तर ती वाया जात नाही.

शेडवरचा स्थानिक कर धर्मादाय संस्थेला ८० टक्के माफ असतो, उरलेले २० टक्के माफ करायचे की नाही हे काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, मर्जीवर. गिफ्ट एड या सरकारी योजनेत करदात्यानं दान केलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स घालतं. डब्यातल्या सुट्या पैशांसाठी वेगळी योजना आहे. ३० पौंडांपर्यंतच्या छोट्या देणग्या, वर्षाला एकूण ८,००० पौंडांपर्यंत, दात्याची सही न घेताही धरता येतात, म्हणजे २,००० पौंड सरकारकडून येतात. कितीतरी लहान संस्था हा दावाच करत नाहीत. तुमच्या स्टेशननं केलाय का, ते विचारा. आणि हे लक्षात ठेवा की मूळ देणगी एखाद्या हेतूला बांधलेली नसेल तर गिफ्ट एडचा पैसा कसाही वापरता येतो. सरकारी पैशांतला चालू खर्चाला बिनअटी लागणारा असा हाच.

मृत्युपत्रातून धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेवर वारसाकर लागत नाही. संपत्तीचा दहावा भाग दान केला तर उरलेल्या करपात्र भागावरचा दर ४० ऐवजी ३६ टक्के होतो. आरएनएलआय सांगते की तिच्या दहांपैकी सहा बचावमोहिमा मृत्युपत्रातल्या देणग्यांमुळे शक्य होतात. लहान स्टेशनलाही अशी देणगी एखाद्या वर्षी अचानक येते आणि पुढची पाच वर्षं येत नाही. तिच्यावर चालू खर्च टेकवू नका.

थेट अनुदानाची वेळ २०१४ मध्ये आली. वाहतूक खात्यानं किनाऱ्याजवळच्या आणि नद्या-तलावांतल्या बचावबोट संस्थांसाठी वर्षाला दहा लाख पौंड अशी पाच वर्षांची योजना जाहीर केली. चांगली योजना होती. बोटी, इंजिनं, ड्रायसूट असं सामान त्यातून घेता आलं. पण पुन्हा सामानच. शिवाय सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पैसा त्याआधी खर्च झालेला दाखवावा लागतो. बोट बांधून घ्यायला मात्र वर्षाहून अधिक लागू शकतं. मार्चअखेरची ही धावपळ आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. त्यामुळे अशा योजनेत बोटीपेक्षा इंजिन, ट्रॅक्टर किंवा कपडे मागणं सोयीचं, आणि बोट लोकवर्गणीतून घेणं बरं. बरेच जण याच्या उलट करतात.

नियमित सार्वजनिक पैसा एका ठिकाणी दिसतो, तो किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांसाठी. आरएनएलआयनं हे काम २००१ मध्ये सुरू केलं, आणि त्यात स्थानिक काउन्सिल खर्चाचा वाटा उचलतात. किनारा काउन्सिलच्या ताब्यातला, पर्यटक तिथंच येणार, त्यामुळे हित थेट दिसतं. तुमच्या गावात पर्यटन असेल तर काउन्सिलकडे हाच मुद्दा मांडा, बुडणाऱ्यांच्या करुण कहाण्या नकोत. बोटीची किंमत मागू नका. वर्षाला इतके, तीन वर्षांसाठी, विमा आणि प्रशिक्षणासाठी असं मागा. रक्कम लहान असेल, पण ती चालू खर्चाची असेल.

बाहेरच्या देशांबद्दल दोन वाक्यांत. जर्मनीची संस्था १८६५ पासून आणि नेदरलँड्सची १८२४ पासून सरकारी पैशाशिवाय चालते. फ्रान्समध्ये सरकार काही वाटा देतं, आणि जून २०१९ मध्ये ले साब्ल-दोलोनजवळ तीन स्वयंसेवक बुडाल्यानंतर तिथं संसदेत चौकशी होऊन मदत वाढवण्यात आली.

लोकवर्गणीलाही राजकारणाचा वारा लागतो. जुलै २०२१ मध्ये छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या स्थलांतरितांना वाचवल्याबद्दल आरएनएलआयवर ‘टॅक्सी सेवा’ म्हणून टीका झाली. उत्तरादाखल एका दिवसात दोन लाख पौंडांहून अधिक देणग्या आल्या. त्याआधी, २०१९ मध्ये, परदेशातल्या बुडण्याविरोधी कामावर खर्च होतो म्हणून लोक रागावले होते. दोन्ही वेळा काम तेच होतं, पाण्यातल्या माणसाला बाहेर काढायचं किंवा त्याला पाण्यात पडू द्यायचं नाही. माझं मत विचाराल तर १८६९ मध्ये अनुदान सोडणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. कुणाला वाचवायचं हे ठरवायचा हक्क पैसा देणाऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही. देणगीदारांच्या बाबतीतही तोच नियम लावावा लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही कोण जाणे.

आता आवाहनाच्या मजकुराबद्दल, कारण तुम्ही विश्वस्त म्हणून पहिली सही बहुधा त्यावरच कराल. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलमधल्या पेनलीची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाइफबोट ‘युनियन स्टार’ जहाजाच्या मदतीला गेली. बोटीवरचे माउसहोल गावचे आठही जण आणि जहाजावरचे आठ, कुणीच परतलं नाही. त्यांच्या कुटुंबांसाठी सुमारे तीस लाख पौंड जमले. मग हा पैसा धर्मादाय की खासगी, त्यावर कर लागतो की नाही, असा वाद सुरू झाला. लोक खवळल्यावर सरकारनं पाऊल मागं घेतलं, आणि अशा आवाहनांत काय लिहावं याची मार्गदर्शक सूचना ॲटर्नी जनरलनं काढली. धडा असा, की पैसा कशासाठी मागितला हे पहिल्या पत्रकात लिहिलेलं असतं, आणि ते नंतर सहजासहजी बदलता येत नाही.

‘नव्या बोटीसाठी मदत करा’ एवढंच लिहिलंत तर आलेला प्रत्येक पौंड रिस्ट्रिक्टेड, म्हणजे त्या हेतूला बांधलेला होतो. खात्यात लाखभर पौंड दिसतात आणि विम्याचा हप्ता भरता येत नाही, हा प्रसंग मी एकाहून अधिक स्टेशनांत पाहिलाय. ‘नवी बोट घेण्यासाठी व चालवण्यासाठी, आणि उरलेली रक्कम स्टेशनच्या सर्वसाधारण कामासाठी’ असं लिहा. ‘चालवण्यासाठी’ हा शब्द अगदी महत्त्वाचा. रस्त्यावर डबे फिरवणार असाल तर काउन्सिलची परवानगी आधी घ्या.

याची दुसरी बाजूही आहे. ताळेबंदात मोठी शिल्लक दिसली की अनुदान देणारा म्हणतो, तुमच्याकडे पैसा आहे की. म्हणून पुढच्या बोटीसाठी बाजूला टाकलेली रक्कम विश्वस्तांनी ठराव करून वेगळी दाखवावी, आणि ती कशासाठी व कधी लागणार हे वार्षिक अहवालात एका परिच्छेदात लिहावं. लहान संस्थेला पूर्ण ऑडिट लागत नाही, स्वतंत्र तपासनीस चालतो. पण त्याला तरी हे वाचून समजेल असं असावं.

माणसांबद्दल मुद्दाम फार लिहिलं नाही. पैशाला पर्याय सापडतो, शेडपासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या आणि दिवसा कामावरून सुटू शकणाऱ्या माणसांना सापडत नाही. पेनलीनंतर एका दिवसात नव्या क्रूला पुरतील इतके जण पुढे आले होते. आज किनाऱ्यावरची घरं सुट्टीपुरती उघडणाऱ्यांची झाली आहेत. नवी बोट मागण्याआधी मंगळवारी दुपारी बारा वाजता ती उतरवायला कोण कोण येईल, त्यांची नावं लिहून पाहा.

पहिल्या बैठकीला जाताना गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागून घ्या. तीन आकडे काढा. वर्षाचा चालू खर्च किती, त्यातला किती मुक्त निधीतून, म्हणजे कुठल्याही हेतूला न बांधलेल्या पैशातून, भागतो, आणि मुक्त निधीची आजची शिल्लक किती महिने पुरेल. ती सहा महिन्यांहून कमी असेल तर बोटीचा अर्ज एक वर्ष पुढे ढकला. ते वर्ष गिफ्ट एडचे राहिलेले दावे आणि काउन्सिलबरोबरचा तीन वर्षांचा करार यांत घालवा. सहाहून जास्त असेल तर बोटीच्या अर्जाला लागा, आणि इंजिनाच्या सर्व्हिसिंगचा दर कारखान्याकडून लेखी घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.